राहता वाडा

जीवशास्त्राचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, 'शरीर हे एक अद्भुत यंत्र आहे' हे वाक्य पहिल्या दोन पानांत भेटतंच. पूजेला बसताना सुपारीचा गणपती आधी मांडतात तसं ते मांडलेलं असतं, आणि एकदा त्याच्यावर अक्षता टाकल्या की पुढे त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग एकेका अवयवाला कामं वाटली जातात. हृदय म्हणजे पंप, मूत्रपिंड म्हणजे गाळणी, डोळा म्हणजे कॅमेरा, मेंदू म्हणजे संगणक आणि जठर म्हणजे मिक्सर. अकरावीतल्या पोराची अशी समजूत होते की आपला जन्म विजेच्या उपकरणांच्या दुकानात झाला. बरं, यंत्र म्हटलं की त्यामागोमाग काही अपेक्षा येतात. कुणीतरी आधी आराखडा काढला असणार, प्रत्येक भाग नेमक्या कामासाठी घडवला असणार, नळ्या आणि तारा जवळच्या वाटेनं नेल्या असणार, बिनकामाचा स्क्रू कुठे नसणार. अभ्यासक्रम संपेस्तोवर यातल्या एकेका अपेक्षेचा निकाल लागतो. पण तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते आणि तक्रार करायला वॉरंटी कार्डही सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दोष शरीराचा नाही, उपमेचा आहे. सस्तन प्राण्याचं शरीर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राहता असलेला, सामायिक मालकीचा, दर पिढीनं आपापल्या सोयीनं डागडुजी केलेला जुना वाडा. हे एकदा मान्य केलं की त्यातल्या गैरसोयींचा राग येत नाही आणि सोयींचं कौतुकही नेमक्या जागी करता येतं.

यंत्रात आणि वाड्यात मुख्य फरक कोणता? यंत्र बंद करता येतं. गिरणीचा पट्टा बदलायचा तर गिरणी थांबवायची, 'आज दळण बंद' अशी पाटी लावायची, पट्टा बदलायचा. वाडा पाडून तिथे इमारत उभारायची तर रहिवाशांना ट्रान्झिट कॅम्पात हलवतात; तिथून ते परत कधी येतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय. उत्क्रांतीपाशी ट्रान्झिट कॅम्प नाही. माशासारख्या पूर्वजांपासून चार पायांचे प्राणी निघाले त्याला पस्तीस कोटींहून अधिक वर्षं झाली, आणि पहिले सस्तन प्राणी अवतरले त्याला वीस कोटींहून अधिक. एवढ्या काळात आपल्या वंशातल्या एकाही पूर्वजाला 'आत काम चालू आहे, पुढली लाखभर वर्षं श्वास घेऊ नका' असं सांगता आलेलं नाही. प्रत्येकाला त्याच दिवशी खायचं होतं, पळायचं होतं, आणि पोरंबाळं जन्माला घालायची होती. ज्यांना ते जमलं नाही ते आपले पूर्वज झालेच नाहीत. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती राहत्या घरात, चूल पेटती ठेवून झाली. नवी भिंत जुन्या भिंतीला टेकून उठली, नवा नळ जुन्या नळाला जोडला गेला, आणि जी तुळई काढली तर माळा खाली येईल तिला कुणी हात लावला नाही. नव्यानं बांधणं हा पर्याय ठेकेदाराच्या वहीत कधी नव्हताच.

पुरावा म्हणून स्वरयंत्राकडे जाणारी चेता पाहा. मेंदूपासून स्वरयंत्राचं अंतर वीतभर. पण स्वरयंत्राच्या बहुतेक स्नायूंना हलवणारी चेता तिथे थेट जात नाही. ती मानेतून स्वरयंत्राच्या शेजारून, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, खाली छातीत उतरते. डावीकडची हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळते, आणि श्वासनलिकेच्या कडेनं पुन्हा वर चढून मुक्कामाला पोचते. सदाशिव पेठेतून नारायण पेठेत जाताना रिक्षावाल्यानं लोणावळ्याला वळसा घालावा, त्यातला हा प्रकार. माणसात हा वळसा फुटाच्या आत भागतो. जिराफात मेंदू आणि स्वरयंत्र तसेच शेजारी-शेजारी, पण हृदय दोन मीटर खाली. त्यामुळे चेता मानेच्या तळाशी जाऊन परत येते आणि चार मीटरच्या वर लांबी खर्च करते. या वळशाचं मूळ माशात सापडतं. माशाला मान नाही. त्याचं हृदय कल्ल्यांना लागून, आणि कल्ल्याकडे जाणारी ही चेता तिथल्या एका धमनीच्या मागून सरळ जाते. त्या काळी तोच खरोखर जवळचा रस्ता होता. पुढे मान आली, हृदय छातीत सरकलं, धमनी त्याच्याबरोबर खाली गेली आणि जाताना तिनं या चेतेला, दोरीवरच्या धोतरात मांजा अडकावा तसं, ओढून नेलं. तार कापून वरून जोडायची तर मधल्या पिढीचा गळाच बंद पडता. त्यापेक्षा दर पिढीला केसभर तार वाढवणं स्वस्त. स्वस्ताची ही बेरीज जिराफाच्या मानेत चार मीटर भरली.

यंत्रवाद्यांचा या बाबतीतला पहिला वकील फार मोठा माणूस होता. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन नावाच्या वैद्यानं भर लोकांत किंचाळत्या डुकराची हीच चेता कापून दाखवली. डुक्कर हातपाय झाडतच राहिलं, पण आवाज गेला. आवाजाचं नियंत्रण मेंदूकडून चेतांमार्फत होतं, हे त्यानं असं सिद्ध केलं. वळसा त्याच्याही नजरेतून सुटला नव्हता. पण निसर्ग फुकट काही करत नाही यावर त्याची श्रद्धा होती, म्हणून त्यानं कप्पीचा दाखला दिला: स्नायूंना खालून ओढायचं आहे, तेव्हा दोर खाली जाऊन कप्पीवरून वर यायलाच हवा. युक्तिवाद देखणा आहे, पण त्याच्याविरुद्ध दोन साक्षीदार उभे राहतात. एक, स्वरयंत्राला जाणारी दुसरी एक चेता वरून थेट येते आणि आपलं काम मुकाट्यानं करते. तिला कप्पी लागत नाही. दोन, शंभरात एखाद्याहूनही कमी माणसांत छातीतली एक धमनी वेगळ्या जागी निघते, आणि त्यांची उजवी चेता वळसा न घेता सरळ स्वरयंत्रात शिरते. ही माणसं बोलतात, भांडतात, गातात, आणि आपल्या गळ्यात सरळमार्गी चेता आहे याचा पत्ता बहुतेकदा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत सर्जनला लागतो, तोवर कुणालाच नसतो. दोर खालूनच यायला हवा असता तर ही मंडळी मुकी असायला हवी होती.

गळ्यातच आहोत तर जेवणाचंही बघू. नाक तोंडाच्या वर आहे, म्हणजे हवेची वाट वरची. पण घशात उतरल्यावर श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे. याचा अर्थ दोन्ही वाटा वाटेत एकमेकींना छेदतात. असा छेद रेल्वे आणि रस्ता यांचा आला की आपण फाटक बसवतो. शरीरानंही तेच केलं: श्वासनलिकेच्या तोंडाशी कूर्चेचं एक पानासारखं झाकण. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो, घास पार होतो, फाटक उघडतं. दिवसातून शेकडो वेळा हे बिनबोभाट घडतं. एखाद्या वेळी फाटकवाल्याचा डोळा लागतो आणि ठसका येतो. हा छेद ठेवलाच कशाला? कारण फुप्फुसं ही अन्नमार्गाच्या तळाला फुटलेली पिशवी आहे. गर्भातही चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्ननळीच्या पुढल्या भिंतीला एक कोंब फुटतो आणि त्याचीच फुप्फुसं होतात. स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून दिवाणखाना काढला की पाहुण्यांनी फोडणीच्या धुरातूनच यायचं. डॉल्फिननं आपलं स्वरयंत्र नाकाच्या वाटेत वर खुपसून हा तंटा बराचसा मिटवला आहे. माणसाच्या तान्ह्या बाळातही स्वरयंत्र उंचावर असतं, म्हणून दूध पिता पिता त्याचा श्वास जवळजवळ चालूच राहतो. पुढे ते खाली उतरतं, जिभेला ऐसपैस जागा मिळते, बाळ बोलायला लागतं आणि त्याच सुमारास त्याला सज्ञान माणसासारखा ठसकाही लागायला लागतो. 'जेवताना बोलू नये' हे आजीचं वाक्य शिस्तीचं म्हणून आपण ऐकलं. ते खरं तर वाड्याच्या नकाशाचं वाक्य आहे.

इथवर वाड्याच्या गैरसोयी झाल्या. पण वाड्यात राहणाऱ्यांचा एक गुण यंत्रवाल्यांना कधीच येत नाही, तो म्हणजे जुनं न टाकणं. नऊवारी लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरं. कापड घराबाहेर जात नाही. सस्तन प्राण्याचा कान असाच शिवलेला आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा, आणि त्याची बिजागरी मागच्या दोन हाडांत. सस्तन प्राण्याचा खालचा जबडा दोन्ही बाजूंना एकेकाच हाडाचा, आणि बिजागरी नव्या जागी. मग जुन्या बिजागरीची ती दोन हाडं गेली कुठे? ती मध्यकर्णात हातोडा आणि ऐरण होऊन बसली आहेत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायखर्ट यानं 1837 मध्ये गर्भांचा अभ्यास करून हा माग काढला, डार्विनचा ग्रंथ यायच्या 22 वर्षं आधी. त्यावर शंका अशी निघाली की बदल होत असताना बिचारा प्राणी चावत कशानं होता? उत्तर खडकांत मिळालं. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गनुकोडॉन या चिचुंदरीएवढ्या प्राण्याच्या जबड्याला दोन्ही बिजागऱ्या एकाच वेळी होत्या. नवी नीट बसल्याखेरीज जुनी काढायची नाही, हा राहत्या घरातल्या सुताराचा पहिला नियम. आजही अमेरिकेतल्या ओपॉसम या पिशवीवाल्या प्राण्याच्या नवजात पिलात कानाची हाडं जबड्याला चिकटलेली असतात आणि वाढताना सुटी होतात. ऐकलेली गोष्ट लगेच तोंडावाटे बाहेर का पडते, यावर यातून प्रकाश पडतो. दोघांचं माहेर एकच आहे.

उलट कधी कधी वाडा एखाद्या बाबतीत इतका हट्टाला पेटतो की हसू येतं. जिराफाच्या मानेत मणके किती? सात. उंदराच्या? सात. ज्याला मान आहे असं कुणी म्हणणार नाही त्या देवमाशाच्या? तेही सात, पापडासारखे चेपलेले आणि काही जातींत एकमेकांना चिकटलेले. हंस दोन डझनांच्या आसपास मणके घेऊन मान वेळावतो; पण जिराफाला लांब मान हवी होती तेव्हा मणके वाढवून मिळाले नाहीत, आहेत तेच वीतभर लांबवून मिळाले. खोल्या वाढवायची परवानगी नाही, हवं तर असलेल्या खोल्या लांबवा. या नियमाला अपवाद मोजकेच, समुद्रगाय आणि स्लॉथ. त्यातला स्लॉथ हा सस्तनांतला सर्वांत आळशी म्हणून ओळखला जाणारा प्राणी, दिवसेंदिवस फांदीला उलटा लटकलेला. सगळ्या कचेरीत नियम मोडायची हिंमत नेमकी त्याच कारकुनाला झाली, यावर कार्यालयीन अनुभव असलेल्या वाचकांना वेगळं भाष्य नको.

ज्या गुणावरून या घराण्याला नाव मिळालं, त्याचीही कथा गोधडीचीच. स्वीडनच्या लिनियसनं 1758 मध्ये 'चतुष्पाद' हे जुनं नाव सोडून स्तनांवरून या वर्गाचं नाव ठेवलं; आपण त्याला सस्तन म्हणतो. या दुग्धग्रंथी म्हणजे त्वचेतल्या घामाच्या जातीच्या ग्रंथींचीच बदललेली रूपं. ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपसला तर स्तनाग्रंच नाहीत. त्याच्या मादीच्या पोटावर दूध पाझरतं आणि पिलं केसांवरून ते टिपून घेतात. आईनं घाम गाळून वाढवलं, असं मराठी माणूस सत्कारसमारंभात म्हणतो तेव्हा तो नकळत दुग्धग्रंथींची वंशावळच वाचत असतो. तेव्हा पुरुषांना स्तनाग्रं कशाला, हा वर्गात मागच्या बाकावरून येणारा प्रश्नही चावट समजून टाळायचं कारण नाही. गर्भात त्यांची आखणी आधी होते, मुलगा की मुलगी याची शरीरभर अंमलबजावणी नंतर. वाड्याच्या दोन्ही सोप्यांत खुंट्या ठोकून झाल्या, मग कळलं की एका सोप्यात कुणी काही टांगणारच नाही. पण खुंटी काही खात-पीत नाही, म्हणून राहिली. अंगावरच्या काट्याचंही तेच. प्रत्येक केसाच्या मुळाशी तो उभा करणारा चिमुकला स्नायू आहे. साळिंदराचे काटे म्हणजे जाड झालेले केसच, आणि ते उभे राहिले की वाघही विचारात पडतो. मांजर केस फुगवून दुप्पट दिसतं. आपले केस विरळ झाले, स्नायू मात्र राहिले; मग आपण त्यांचा उपयोग भुताच्या गोष्टींना दाद द्यायला करतो.

एकच काम दोन घराण्यांनी वेगवेगळ्या खोलीत काढलं की काय होतं, हे ससा आणि गाय शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसतं. गवतातला सेल्युलोज फोडणारं विकर कुठलाही सस्तन प्राणी स्वतः बनवत नाही. गवतावर जगणारी सगळी घराणी सूक्ष्मजंतूंचे भाडेकरू ठेवून त्यांच्या भाड्यावर जगतात. गाईनं हे भाडेकरू लहान आतड्याच्या आधी ठेवले. तिच्या जठराच्या चार कप्प्यांतला पहिला शंभर लिटरच्याही वर माल मावेल एवढा. तिथे गवत आंबतं, रवंथ करून पुन्हा दळलं जातं, आणि तयार माल पुढे आतड्यात शोषला जातो. सशानं तेच भाडेकरू लहान आतड्यानंतरच्या अंधनालात ठेवले. म्हणजे सारभाग शोषून घेणारी पेढी आधी आणि कारखाना नंतर. माल तयार होतो तेव्हा पेढी मागे पडलेली. मग ससा काय करतो? कारखान्यातून आलेल्या मऊ गोळ्या बाहेर पडता पडताच तोंडात घेतो आणि सगळं सामान पुन्हा पहिल्या दारातून आत पाठवतो. गोष्टीच्या पुस्तकातला तो पांढराशुभ्र, गाजर खाणारा, लाजरा ससा रोज हे करतो, आणि त्याला ते करू दिलं नाही तर त्याची तब्येत ढासळते. ज्या अभियंत्यानं पेढी आणि कारखाना यांचा क्रम चुकवला त्याची बदली झाली असती. इथे अभियंताच नव्हता. होता तो अंधनाल, हाताशी असलेली रिकामी खोली.

आता आक्षेप. पहिला असा की, मूत्रपिंडाकडे बघा. एवढी काटेकोर गाळणी यंत्राखेरीज कुठे असेल? बघू या. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळून बाहेर काढतात, म्हणजे लग्नात ठेवतात तसे वीस लिटरचे नऊ जार. त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा ती पुन्हा रक्तात घेतात. ही दिवाळीची साफसफाई झाली. माळ्यावरचं झाडून सगळं अंगणात काढायचं, रद्दी आणि फुटकी बरणी तेवढी टाकायची, आणि शंभरातल्या नव्याण्णव वस्तू पुसून होत्या तिथे ठेवायच्या. वेडगळ वाटणाऱ्या या पद्धतीत शहाणपण आहे, हे मी आनंदानं मान्य करतो. टाकायच्या वस्तूंची यादी कधी पुरी होत नाही, कारण उद्या कुठलं नवं विष पोटात जाईल ते सांगता येत नाही. ठेवायच्या वस्तूंची यादी मात्र छोटी आणि पाठ: ग्लुकोज, मीठ, पाणी आणि असंच थोडंफार. बाकी जे ओळखीचं नाही ते अंगणातच राहू द्यावं. पण याच मूत्रपिंडाचं बांधकाम बघा. गर्भ ते एकदा बांधत नाही, तीनदा बांधतो. पहिली जोडी मानेच्या बाजूला उगवते आणि माणसात एक थेंबही न गाळता विरून जाते. दुसरी काही आठवडे काम करून मोडीत निघते. तिसरी टिकते. दुसऱ्या जोडीची नळी पुरुषात फेकली जात नाही. ती शुक्रवाहिनी म्हणून कामाला लागते. म्हणजे काम यंत्रासारखं चोख, आणि बांधणी अस्सल वाड्याची. दोन्ही गोष्टी एकाच अवयवात सुखानं नांदतात, आणि माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तुम्हाला उपयोग ठाऊक नाही म्हणून तुम्ही एखाद्या गोष्टीला गैरसोय म्हणता. उद्या उपयोग सापडला की तोंडघशी पडाल. असं पूर्वी घडलंही आहे. आंत्रपुच्छाला पिढ्यान्‌पिढ्या अडगळ म्हटलं गेलं. त्यात रोगप्रतिकारक पेशींचा मोठा साठा असतो, हे आज कुठलंही पुस्तक सांगतं. डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागे आणि तारा पुढे, त्या तारा बाहेर काढायला भोक पाडावं लागतं आणि तिथे अंधबिंदू उरतो, याची थट्टा झाली. नंतर कळलं की मागच्या बाजूला असल्यामुळे त्या खादाड पेशींना रक्ताचा भरपूर पुरवठा मिळतो, आणि काही आधारपेशी प्रकाशाला वाट काढून देतात. घराण्याचा ऐवज तिजोरीत न ठेवता ओसरीवर टांगायची जी रीत बहुतेक नरांत आहे, तिचंही कारण दिलं जातं: शुक्रपेशींना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. ठीक. पण हत्ती आपला ऐवज मूत्रपिंडांजवळ पोटातच सांभाळतो आणि त्याचा वंश चालतो. डॉल्फिन तो आत ठेवून, शेपटीकडच्या थंड रक्तानं गार राखतो. म्हणजे ओसरीखेरीज दुसऱ्या सोयी होत्या. ज्याच्या वाड्याची जशी ठेवण, तशी त्यानं सोय केली. उपयोग सापडल्यानं माझा मुद्दा पडत नाही. वाड्यात बुजवलेल्या दाराचा कोनाडा होतो, कोनाड्यात देव बसतो, पुढे देवापुढे समईही लागते. पण म्हणून ते दार मुळात देवासाठीच काढलं होतं असं म्हणायचं नसतं. उपयोग आज काय आहे हा एक प्रश्न, आणि ती वस्तू तिथे आली कशी हा दुसरा. यंत्राच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर एकच येतं. वाड्याच्या बाबतीत क्वचित.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. शरीराला यंत्र मानल्यामुळेच तर शरीरशास्त्र उभं राहिलं! 1628 मध्ये विल्यम हार्वेनं हृदयाचा हिशेब मांडला: एका ठोक्याला इतकं रक्त, तासाला इतके ठोके, म्हणजे तासाभरात अंगातल्या सगळ्या रक्ताहून कितीतरी जास्त रक्त बाहेर पडतं, एवढं नवं रक्त अन्नातून बनणं शक्य नाही, तेव्हा तेच रक्त फिरत असलं पाहिजे. पंपाची उपमा मनात असल्याखेरीज हा हिशेब सुचला नसता, हे कबूल. पाणी चढतं कसं हे विचारायचं असेल तेव्हा पंप म्हणाच. पण नळ संडासाच्या भिंतीतून देवघरात का गेला, हे पंपाला विचारून उपयोग नाही. त्यासाठी वाड्यातलं जुनं माणूस गाठावं लागतं. विद्यार्थ्याची ओढाताण इथेच होते. त्याला प्रत्येक भागापुढे 'कार्य' हा रकाना भरायला लावतात, आणि स्वरयंत्राच्या चेतेचा वळसा, सात मणके, अंधबिंदू यांच्यापुढे त्या रकान्यात काहीच बसत नाही. मग तो पाठ करतो, आणि पाठ केलेलं परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडताना पायरीवर सांडतं. त्या रकान्याशेजारी 'इथे आधी काय होतं?' असा आणखी एक रकाना आखला तर निम्मी पाठांतरं गोष्टी होतील. जबड्याची हाडं कानात गेल्याची गोष्ट एकदा ऐकली की हातोडा, ऐरण आणि रिकीब यांचा क्रम विसरणं अवघड. गोष्टीचे वेगळे गुण मिळत नाहीत हे खरं, पण गोष्ट आठवली की गुणांचं उत्तर तिच्या बोटाला धरून येतं.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो जरा रागातून येतो: एवढ्या सुंदर शरीराला जुना वाडा म्हणून तुम्ही त्याची किंमत कमी करता. मला तर उलट वाटतं. नवं यंत्र चालतं यात नवल काय, ते चालण्यासाठीच बनवलेलं असतं. पण जो वाडा एक दिवसही रिकामा झाला नाही, ज्याची बिजागरी दार उघडं ठेवून बदलली, ज्याच्या तारा जिराफाच्या मानेएवढ्या लांबल्या तरी तुटल्या नाहीत, तो दिवसाला लाखभर ठोके देत उभा आहे, याला खरं आश्चर्य म्हणतात. शिवाय अशा वाड्यात पूर्वज नुसत्या फोटोत लटकत नाहीत. उचकीचंच घ्या. श्वासपटल एकदम आखडतं आणि पाठोपाठ क्षणार्धात स्वरयंत्राचं दार बंद होतं. तोच तो 'हिक्' आवाज. श्वासपटल छातीच्या तळाशी, पण त्याची चेता निघते मानेतून, कारण गर्भात त्याचे स्नायूच मानेकडून खाली उतरतात. या झटक्याचा आज आपल्याला काय फायदा, यावर एकमत नाही. पण बेडकाचं पिल्लू कल्ल्यांवरून पाणी ढकलताना फुप्फुसाचं दार नेमकं असंच मिटतं, तेव्हा उचकी हा त्या जुन्या श्वासाचा उरलेला ठोका असावा, असा एक तर्क 2003 मध्ये मांडला गेला. तर्कच तो, पण वाड्याच्या रीतीला धरून आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स ऑसबोर्न या गृहस्थांना 1922 मध्ये लागलेली उचकी 1990 पर्यंत, तब्बल 68 वर्षं, पुरली. आपल्याकडे उचकी लागली की 'कोण आठवण काढतंय' असं विचारतात आणि ती थांबेपर्यंत मामा, आत्या, लग्न होऊन गेलेली मैत्रीण अशी नावं घेत जातात. ऑसबोर्न यांची एवढी आठवण कोण काढत होतं कोण जाणे. पण प्रश्न चुकीचा नाही, यादी मात्र फार लवकर संपते. नावं घेता घेता नात्यागोत्यातलं सगळं गणगोत संपलं आणि उचकी तरीही चालू राहिली, तर आणखी थोडं मागे जावं, आणि वाड्याच्या मूळ मालकाचं, त्या तळ्यातल्या खापरपणजोबाचं नाव घेऊन बघावं.